मॅटवरचे बूट

शेवटची कुस्ती जिंकून ल्यावोनने मॅटच्या मधोमध बसून बूट काढले आणि तिथेच ठेवले. निवृत्त होणाऱ्या पैलवानाची हीच रीत. मोगिल्योव शहराचं अख्खं स्टेडियम उभं राहिलं. टाळ्यांपेक्षा हुंदकेच जास्त. 'उद्यापासून आपण कोण?' असं मनाशी म्हणत तो त्या बुटांकडे बघत उभा राहिला. एवढ्यात गावाहून आलेली आई, डोक्याचा रुमाल सावरत, तरातरा मॅटवर चढली. "अरे लेका, बूट विसरलास!" पंच म्हणाले, "मावशी, ते इथेच सोडायचे असतात." "सोडायचे? चांगले दणकट बूट? बटाटे काय अनवाणी काढणार हा?" "अगं आई, कुस्ती संपली माझी." "संपली तर संपली. वावर तुझीच वाट बघतंय. घाल पायात!" हुंदक्यांचा हशा झाला. उभ्या कारकिर्दीत ज्याची पाठ कुणी टेकवली नव्हती, तो ल्यावोन हसता हसता मॅटवर उताणा पडला. पंचांनी आईचा हात वर केला.