काढ्याचा पेला

सासूची पाठ वळताच शिवरंजनीनं पेल्यातला काढा मोरीत ओतला आणि त्यात डाळिंबाच्या सालीचं उकळलेलं पाणी भरलं. तोच रंग, तसाच तुरटपणा. सासरे नाक दाबून एका दमात पितात, त्यांना काय कळणार?

असली लपवाछपवी तिला आवडत नव्हती, पण करणार काय? सासऱ्यांचं, बंडप्पांचं, हृदय दुबळं झालेलं. डॉक्टरांनी दोघी सासू-सुनांना समोर बसवून सांगितलं होतं, "या गोळ्यांबरोबर अर्जुनाच्या सालीचा काढा नको. नाडी फार मंदावेल."

सासूनं, लक्ष्मम्मांनी, मान डोलावली आणि दुसऱ्याच दिवशी चुलीवर पातेलं चढवलं. इकडे गोळ्यांचं पाकीटही वेळेवर संपत होतं. बंडप्पा गोळीला विष म्हणत, तरी बायकोच्या धाकानं गिळत असावेत. म्हणजे दोन्ही पोटात जात होतं.

"आत्या, काढा बंद करा की," ती एकदा म्हणाली.

"त्येंचा जीव हाय त्यात. तू ह्यात पडू नगंस."

अणदूरच्या त्या घरात लक्ष्मम्मांपुढं कुणाचं चालत नसे.

पेला बदलायला लागून आठवडा झाला. बंडप्पांना आराम पडायचा सोडून त्यांचे पाय सुजले. अंगणात जाऊन आले तरी धाप लागे. आधी गेलेली साल आता बाधतेय, आपण फार उशीर केला, असं शिवरंजनीला सारखं वाटे. ती आणखी जपून पेला बदलू लागली.

एका सकाळी त्यांना बसल्या जागी श्वास घेता येईना. तिच्या नवऱ्यानं, सिद्धारामनं, गाडी काढली आणि धाराशिवचा दवाखाना गाठला.

बऱ्याच वेळानं डॉक्टर बाहेर आले. "नाडी भलतीच जोरात पळतेय. गोळ्या कधी बंद केल्या?"

"बंद कुठं?" शिवरंजनीला राहवेना. "रोज एक गोळी कमी होतेय पाकिटातली. घात केला तो त्या सालीनं. मी आत्यांना किती सांगितलं."

लक्ष्मम्मांनी पदरानं डोळे पुसले.

"साल तुमी नगं म्हणलात तवाच बंद केली, साहेब. नुसता पानातला कात उकळते. गोळी दिसली की हे थुकून देत्यात, म्हणून रोज चुरून त्या काढ्यातच घालत हुते. एक दीस चुकले न्हाय."