ओवाळणीतला स्क्रू

“पाकीट नको, दादा,” पद्मजा म्हणाली. ओवाळून झालं होतं, पण तबक अजून तिच्या हातातच होतं. “माझं एक काम कर. आणि भाऊबिजेला बहिणीला नाही म्हणायचं नसतं.”

नंदकुमारने पाकीट परत खिशात ठेवलं. खाली आवारात तिचा नवरा बाळ गाडी पुसत होता. सणाचा दिवस, मेव्हणा घरी आलेला आणि हा बोनेटपाशी. मुलुंडच्या त्या सोसायटीत याचं आता कुणालाच नवल वाटत नव्हतं.

“ती गाडी हळू कर. तुझ्या डब्यामुळे पळते ना ती? मग तुझ्या डब्यानेच तिला रोख.”

गाडी जपानी होती, टर्बोवाली, म्हणजे इंजिनात जादा हवा कोंबणारा पंखा बसवलेली. बाळने मस्कतची नोकरी सोडून येताना ती बोटीवर घालून आणली. मुंबईचं पेट्रोल काही तिच्या पोटाला मानवेना. टर्बो जोरात फिरू लागला की इंजिन खडखडायचं. कंपनीचा पार्ट मागवायचा तर जपान गाठायला हवं. नंदकुमार कांजूरमार्गच्या एका कारखान्यात मीटर दुरुस्त करायचा आणि बाळचा शाळेपासूनचा दोस्त होता. त्याने लॅमिंग्टन रोडवरून चार सुटे भाग आणले, बाकीचे एका मेलेल्या टीव्हीतून काढले आणि सगळं जेवणाच्या अ‍ॅल्युमिनियमच्या डब्यात बसवलं. टर्बो फिरला की डबा इंजिनाला थोडं जादा पेट्रोल सोडायचा. किती सोडायचं ते आतल्या एका बारक्या स्क्रूवर ठरायचं. खडखड थांबली आणि गाडी जी सुटली ती सुटलीच.

तेव्हापासून बाळ दर रविवारी कल्याणपलीकडच्या जुन्या धावपट्टीवर शर्यतीला जाऊ लागला. गाडीची चावी सतत त्याच्या खिशात. पद्मजाला भाजीबाजारापर्यंतसुद्धा ती मिळत नसे. गेल्या महिन्यात गाडी गरकन फिरून गवतात घुसली आणि बाळ कपाळावर टाके घालून घरी आला. चार दिवसांत पुन्हा हजर.

“मला रविवारी जेवण जात नाही, दादा. फोन वाजला की पोटात गोळा येतो.” तिचे डोळे भरून आले.

नंदकुमारला नाही म्हणवेना. धाकटी बहीण होती ती. शिवाय तो डबा त्याच्याच हातचा होता.

“पेट्रोल कमी केलं तर पिस्टन जळेल,” तो हळू आवाजात म्हणाला. “खूप जास्त केलं तर गाडी गुदमरेल. धूर ओकेल, पण पळणार नाही.”

“मग जास्तच कर. इंजिनाला काही व्हायला नको.”

“इंजिनाचं काय घेऊन बसलीस?”

“मध्येच बंद पडून रस्त्यात अडकले म्हणजे?” पद्मजाने पदराने डोळे टिपले. “आणि ह्यांना कळू देऊ नकोस.”

चहा पिऊन नंदकुमार खाली उतरला. “बघू जरा डबा,” म्हणत त्याने गाडीत डोकं घातलं. बाळ बाहेर उभा राहून टॉर्च धरत होता.

“तुझ्या भरवशावर गाडी मारतो बरं का, नंद्या,” तो म्हणाला. “दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नसता.”

नंदकुमारने स्क्रू पिळला. आपण हलकटपणा करतोय हे त्याला पक्कं ठाऊक होतं. पण बहिणीचं कुंकू एका पारड्यात आणि दोस्ती दुसऱ्या पारड्यात टाकली, तर दोस्तीचं पारडं वर जाणारच.

पुढच्या रविवारी धावपट्टीवर गाडीने काळा धूर सोडला, दोन उचक्या दिल्या आणि सगळ्यांत शेवटी पोचली. लोक पोट धरून हसले. बाळने रात्रभर विचार करून प्लग बदलले, मग फिल्टर बदलला. तरी तेच. ज्यांना तो मागे टाकायचा तेच आता “टॅक्सी आली रे” म्हणून ओरडू लागले.

“नंद्या, काय झालं हिला?”

“पेट्रोल खराब असेल,” नंदकुमार म्हणाला.

बाळने बोनेट आपटलं. “तुला जमत नाही तर सांग ना यार सरळ. वाट लावलीस माझी.”

त्यानंतर त्याने नंदकुमारकडे येणं सोडलं. वाटेत दिसला तरी मान फिरवायचा. हे नंदकुमारला फार लागलं. रविवारी त्याच्या हाताला कामच उरलं नाही. पण बाळने धावपट्टीही सोडली होती आणि जुनी स्कूटर बाहेर काढली होती. माणूस जिवंत आहे, रविवारी घरी जेवतो आहे, एवढ्यावर नंदकुमार मनाची समजूत घालायचा.

संक्रांतीला पद्मजा तिळगूळ घेऊन आली, ती गाडी स्वतः चालवत. अरुंद गल्लीत एका झटक्यात रिव्हर्समध्ये लावून ती उतरली.

“ह्यांनी चावी टाकली माझ्यापुढे. म्हणाले, घे, भाजी आणायला वापर हे डबडं.”

“सुटलीस बाई,” नंदकुमार म्हणाला. खूप दिवसांनी त्याला मोकळं वाटलं. “दोस्त गेला माझा, पण तू सुखात आहेस ना, बस.”

“आहे ना.” तिने त्याच्या हातावर तिळगूळ ठेवला आणि गाडीचं दार उघडून धरलं. “दादा, तो स्क्रू आता परत नीट लाव.”

“कशाला? बाजारापुरती चालतेय की.”

“बाजाराला कोण जातंय? पुढच्या रविवारी धावपट्टीवर बायकांची शर्यत आहे, दिवाळीच्या आधीच नाव दिलंय मी.”