बर्कची म्होरकी

रियाधबाहेरच्या तबेल्यात हाशम नव्या शिंगराकडे संशयानं बघत होता. मेलेल्या बर्क घोड्याची म्होरकी हातात होती. कळपातून वासरू वेगळं काढून परत जाऊ न देण्याच्या स्पर्धेत बर्कला तोड नव्हती. हाशम त्या खेळाला हुतूतूच म्हणायचा. शिंगरू बर्कचं आहे असं बर्कला सांभाळलेल्या हाशमला पटलं, तरच कफील, म्हणजे त्याचा अरब मालक, ते ठेवणार होता. “रंग आईवर गेला असेल, चाचा,” गाववाला इमाद म्हणाला. “आणि तोंड शेजाऱ्यावर? व्यापाऱ्यानं गाढव गळ्यात मारलंय.” नकार कळवायला हाशम दाराकडे वळला. शिंगरू आडवं आलं. तो डावीकडे सरकला, तेही मान खाली घालून डावीकडे. त्यानं उजवीकडे हूल दिली. ते फसलं नाही. हाशमला दम लागला. “हुतूतू बापाचाच दिसतोय,” तो पुटपुटला आणि म्होरकी शिंगराच्या तोंडावर चढवली. “सैल होतेय,” इमाद हसला. “होईल हळूहळू मापाची.”