साच्यांची खात्री

खरेदी विभागातल्या 'नवी'नं एआयकडून झाकणांची कॅटेगरी स्ट्रॅटेजी सकाळच्या चहाच्या आत करून घेतली, आणि झाकणकाकांच्या पोटात दुखायला लागलं ते तिथूनच. चौदा पानं! पुढची तीन वर्षं झाकणं कोणाकडून, किती आणि कशी घ्यायची, सगळं तक्त्यांसकट. काकांना असला आराखडा करायला दोन महिने लागायचे, आणि साहेब त्याचं पहिलं पानसुद्धा धड वाचायचे नाहीत.

आज साहेब तिच्या खुर्चीमागे वाकून उभे होते. "वा! याला म्हणतात काम. दुपारच्या मीटिंगमध्ये तूच मांड."

तूच मांड! काकांनी या कंपनीच्या औषधाच्या बाटल्यांसाठी झाकणं घ्यायला सुरुवात केली तेव्हा ही शाळेत होती. बावीस वर्षांत काकांना नावही झाकणांचंच पडलं. आणि दोन वर्षं होऊनही जिला अख्खा खरेदी विभाग नवीच म्हणतो, ती त्यांच्या झाकणांवर मिरवणार! खोटं कशाला सांगा, काका जळत होते. तिच्यावर जळत होते, आणि त्या यंत्रावर त्याहून जास्त.

साहेब गेल्यावर ती लॅपटॉप घेऊन त्यांच्या टेबलाशी आली.

"काका, एका ठिकाणी अडलंय. एआय म्हणतो, झाकणं दोन पुरवठादारांत निम्मी निम्मी वाटा, म्हणजे एक बंद पडला तरी दुसरा असेल. पण आधी दोघांकडे झाकणं पाडायचा आपापला साचा आहे ना, ते बघा. कागदावरून कळायचं नाही, तिथे जाऊन आलेल्या माणसाला विचारा, असं लिहिलंय त्यानं. तो माणूस म्हणजे तुम्हीच की!"

साचा एकच होता. दोघे पुरवठादार एकमेकांचे साडू. पंधरा दिवस साचा एकाकडे, मग टेम्पोत घालून दुसऱ्याकडे. काकांनी तो उतरवताना स्वतः पाहिला होता. तो तडकला की दोघेही त्याच दिवशी ठप्प. बावीस वर्षांत हे त्यांना कोणी विचारलं नव्हतं. विचारलं ते या यंत्रानं, तेही या कार्टीच्या तोंडून.

सांगितलं तर तिचं काम पक्कं होणार, आणि शाबासकीही तिलाच. होऊ दे एकदा हसं.

"आहेत," काका म्हणाले. "दोन कारखाने, दोन साचे."

"सुटले बाई!" म्हणत ती तिथेच उभ्याउभ्या टाइप करायला लागली.

दुपारी मीटिंगमध्ये साहेबांनी नेमकं त्याच ओळीवर बोट ठेवलं. "हे साच्यांचं कोणी पाहिलंय? यात चूक झाली तर आपल्या बाटल्या उघड्या पडतील."

काका खुर्चीत सावरून बसले. आता हिची बोबडी वळणार.

नवीनं पडद्यावर ती ओळ मोठी केली. खाली काकांचं पूर्ण नाव होतं, हुद्द्यासकट.

"काकांनी, सर. एआयलाही माहीत नव्हतं आणि मलाही. हे पान खरं तर त्यांचंच आहे."

साहेबांच्या कपाळावरची आठी गेली. "मग आधी सांगायचंस ना! यांनी सांगितलंय म्हणजे विचारायलाच नको. चला, पुढे."

काकांनी तोंड उघडलं. तोवर नवीनं पान उलटलं होतं.