आठ नंबरचा चिखल

सामना संपायला पाच मिनिटं असताना लाउडस्पीकर खाकरला आणि म्हणाला, आजचा सर्वोत्तम खेळाडू, आठ नंबर, क्रेग रॅमस्डेन.

हॅसलफर्थ टाउन फुटबॉल क्लबच्या मैदानावर जमलेल्या अकराशे माणसांनी आधी एकमेकांकडे पाहिलं आणि मग, वाईट दिसायला नको म्हणून, टाळ्या वाजवल्या. फाटकाजवळचा एक म्हातारा शेजाऱ्याला म्हणाला, "रॅमो? तो आज खेळतोय?"

क्रेगलाही ऐकण्यात चूक झाली असंच वाटलं. सोळा वर्षं, अकरा क्लब, पाचशेच्या वर सामने, आणि या वाक्यात आजवर त्याने फक्त दुसऱ्यांची नावं ऐकली होती. त्याचं काम मैदानाच्या मधोमध. समोरच्याच्या पायातला चेंडू काढून घ्यायचा आणि जवळ जो आपला असेल त्याला देऊन टाकायचा. पुढे जे होतं ते सगळ्यांना दिसतं. चेंडू आला कुठून, ते कुणी विचारत नाही. आईने शेकोटीवरच्या फळीवर, घड्याळाशेजारी, त्याच्या बक्षिसासाठी वीतभर जागा राखली होती. मध्ये घरचं कुत्रं गेलं. त्याच्या राखेचा डबा तात्पुरता म्हणून तिथे ठेवला, त्याला आता नऊ वर्षं झाली.

गुरुवारी मॅनेजरने त्याला बोलावून, चहासुद्धा न विचारता, पुढच्या हंगामात तू नाहीस असं सांगितलं होतं. म्हणजे हा इथला शेवटचा सामना. संघाला वरच्या लीगमध्ये चढायची आशा नव्हती की खालच्या लीगमध्ये घसरायची भीती नव्हती. एक-शून्यने ते पुढे होते. क्रेगला आता एवढंच हवं होतं की तो डबा हलावा.

त्याने टाळ्यांना हात वर केला, जन्मात पहिल्यांदाच. आपल्याला निवडणारा आहे तरी कोण, म्हणून मान उंच करून प्रायोजकांच्या काचेच्या खोलीकडे पाहिलं. नेमका तेव्हा समोरच्यांचा कॉर्नर आला. चेंडू त्याच्या नडगीवर आपटला आणि काही घाई नसल्यासारखा आपल्याच जाळीत जाऊन बसला.

एक-एक. लाउडस्पीकर पुन्हा खाकरला. मग त्याने प्रेक्षकांच्या तिकिटांच्या सोडतीचा नंबर सांगितला.

ड्रेसिंग रूममध्ये सगळे बूट सोडत बसले. शेवटी गोलकीपर टॉवेलच्या आतून म्हणाला, "दोन्ही संघांचा सर्वोत्तम खेळाडू एकच. हे काही रोज बघायला मिळत नाही." सगळे हसले, क्रेगही हसला. पण सूट चढवताना त्याने मनाशी ठरवून टाकलं होतं. वर जायचं, बक्षीस दुसऱ्या कुणाला तरी द्या म्हणायचं आणि मागच्या जिन्याने गाडी गाठायची.

वर काचेच्या खोलीत आजचे प्रायोजक, शवपेट्यांचे दुकानदार विगिन्स, तिसऱ्या ग्लासाला भिडले होते. पैसे त्यांचे, म्हणून निवड त्यांची, असा तिथला रिवाज. पण आज तो मान त्यांनी डॉटबाईंना दिला होता. डॉटबाई एकतीस वर्षं क्लबचे कपडे धूत होत्या आणि आज निवृत्त होत होत्या. दर शनिवारी वर सामना रंगात आला की त्या तळघरात टॉवेलच्या घड्या घालत असत. एकतीस वर्षांत सामना बघायची ही त्यांची पहिलीच वेळ. विगिन्स सांगत होते, की बाईंनी नावाची चिठ्ठी खेळ सुरू व्हायच्या आधी, जेवतानाच लिहून दिली.

"डॉटबाई," क्रेग म्हणाला, "तो गोल मीच घातला. आपल्याच जाळीत."

"बघितलं की. म्हणजे, सगळे डोक्याला हात लावून बसले, त्यावरून कळलं."

"मग हे नऊ नंबरला द्या. आपला गोल त्याने केलाय."

डॉटबाईंनी काटा खाली ठेवला. "नऊ नंबर? अरे बाळा, त्याची जर्सी मी नुसती वाळत घालते. तुझी रात्रभर भिजवावी लागते. तुझ्या चिखलापायी माझं एक मशीन बंद पडलंय. गुमान घे ते."

त्याने घेतलं. काचेचा छोटा कप आणि शँपेनची बाटली. फोटोवाला सगळ्यांना रांगेत उभं करायला लागला. तेवढ्यात बाईंनी विचारलं, आता कुठे. क्रेगने बारावा क्लब सांगितला. दोन पायऱ्या खालचा, मैदानाला एकाच बाजूला छप्पर असलेला.

"तिथे कपडे कोण धुतं?"

"ज्याचे त्याने घरी न्यायचे."

डॉटबाईंचा चेहरा आज पहिल्यांदाच पडला. निरोपाला भाषणं झाली तेव्हासुद्धा पडला नव्हता. त्यांनी त्याची बाही धरली आणि भराभर सांगायला सुरुवात केली. चिखल आधी वाळू द्यायचा, मग झटकायचा, गवताच्या डागाला थोडं व्हिनेगर. "आणि गार पाणी. कितीही घाई असली तरी आधी गार पाणी. गरम घातलंस तर डाग जन्मभर जात नाही, सांगून ठेवते."

पुढच्या गुरुवारी गावच्या पेपरात फोटो आला. विगिन्स कॅमेऱ्याकडे बघताहेत, डॉटबाई क्रेगकडे बघताहेत, आणि सर्वोत्तम खेळाडू बाटली काखेत आणि कप हनुवटीखाली दाबून बॉलपेनने स्वतःच्या तळहातावर काहीतरी लिहितोय.

फोटोला मान वर करता येत नाही का तुला, असं आई फोनवर दोनदा म्हणाली. मग तिने तो कापून फळीवर, कपाच्या मागे उभा केला. त्यासाठी कुत्र्याला चार बोटं सरकावं लागलं.