विहिरीतले पाहुणे

द्रुपदाबाईंनी विहिरीत गूळपाणी ओतायला तांब्या तिरका केला, तेवढ्यात पाणी तपासणाऱ्या नूतनने त्यांचा हात धरला.

"आता नको, मावशी. विष संपलं, तसे ते खाणारे जंतूही संपले. नुसत्या गुळावर ते जगत नाहीत."

कारखान्याने जमिनीत मुरवलेलं विष खायला प्रयोगशाळेने ते जंतू घडवले होते. गुळाने त्यांना जोर येतो म्हटल्यावर वस्तीने त्यांना पाहुणेच मानलं. घरोघरी गूळपाण्याची पाळी लागली.

"म्हणजे आमचं घर झाडून बिचारे उपाशी गेले," द्रुपदाबाई म्हणाल्या.

मग त्यांनी विहिरीतून पाणी शेंदलं, पदराची गाठ सोडून गूळ काढला आणि अर्धा नूतनच्या हातावर ठेवला.

"आल्यागेल्याला पाणी विचारायची चोरी झाली होती बाई. तू आपली बाटली घेऊन यायचीस. आज आमचं पी."

नूतन पोटभर प्याली. उरलेला गूळ द्रुपदाबाईंनी विहिरीच्या काठावर ठेवून हात जोडले. निघालेल्या पाहुण्याला "पुन्हा या" म्हणायची रीत. ते शब्द सवयीने त्यांच्या ओठांवर आलेही होते.

"सुखानं जा," त्या म्हणाल्या, "आणि पुन्हा यायची वेळ तुमच्यावर न येवो."