टकरीचं वाक्य

"पुन्हा घेऊ," काचेपलीकडून रेकॉर्डिस्ट म्हणाला. सकाळपासून हे त्याचं किती वेळा म्हणून झालं होतं कोण जाणे.

निवेदकाने कागद डोळ्यांजवळ नेला, लांब धरला आणि वैतागून स्टँडवर ठेवून दिला. एका वाक्याला एवढा वेळ त्याला जन्मात लागला नव्हता. तारांगणातल्या खेळात वर्षानुवर्षं त्याचाच आवाज सांगत आला होता, की आपली आकाशगंगा आणि शेजारची देवयानी दीर्घिका कोट्यवधी वर्षांनी एकमेकींवर आदळणार, आणि हे अटळ आहे. आता शास्त्रज्ञांनी गणित नव्याने मांडलं होतं. त्या आदळतील, किंवा एकमेकींना बगल देऊन निघूनही जातील; दोन्ही शक्यता जवळपास सारख्याच. बाकीचा खेळ होता तसाच ठेवून मधलं तेवढं एक वाक्य बदलायचं होतं, तेही जुन्या आवाजाशी बेमालूम जुळेल असं.

आणि ते आजच व्हायला हवं होतं, कारण सोमवारी त्याच्या घशाचं ऑपरेशन होतं. गाठ निघेल, असं डॉक्टर म्हणाले होते. आवाज राहील की जाईल, ते मात्र निम्मं-निम्मं.

"शब्द बरोबर येतायत," रेकॉर्डिस्ट म्हणाला. दोघं एकाच वयाचे, एकमेकांच्या टकलाची थट्टा करत म्हातारे झालेले. "पण वाचतोयस 'कदाचित' आणि आवाज मयताला निघाल्यासारखा. ऐकणाऱ्याला वाटेल, झालं, आदळल्या."

"मी काय करू? लिहिलंय तेच वाचतोय."

रेकॉर्डिस्टच्या शेजारी निवेदकाची बायको बसली होती. बसली होती म्हणायचं एवढंच. उठायची, पाण्याच्या बाटलीचं झाकण घट्ट करायची, पुन्हा सैल करायची, परत बसायची.

"घरीही हेच चाललंय," ती रेकॉर्डिस्टला म्हणाली. "आवाज गेला असं धरूनच चाललेत. परवा सायकलची घंटी घेऊन आले. म्हणे, हाक मारता आली नाही की वाजवीन. मी दिली माळ्यावर टाकून."

रेकॉर्डिस्टचं बोट बोलायच्या बटणावर तसंच राहिलं होतं. आत, हेडफोनमध्ये, सगळं ऐकू गेलं.

"आणि तू?" निवेदक माइकमधून म्हणाला. "आजोबा पुढच्या महिन्यात गोष्ट सांगतील, असं नातीला फोनवर परस्पर कबूल करून बसलीस. आवाज राहणार, हे तुला कोणी सांगितलं?"

"डॉक्टरांनी."

"डॉक्टरांनी निम्मं सांगितलं."

"मग मी माझं निम्मं धरलंय. तुमचं तुम्ही धरा."

रेकॉर्डिस्टने हळूच बटणावरचं बोट काढलं आणि उगाचच एक वायर सारखी केली.

निवेदकाला भीती वाटत होती. आशा धरून आवाज गेला तर दोनदा गेल्यासारखं होईल. त्यापेक्षा आत्ताच सोडून दिलेला बरा, असं त्याने मनाशी ठरवून टाकलं होतं. बायकोलाही तीच भीती होती, फक्त ती उलट्या दिशेने पळत होती. निम्म्यावर थांबायला दोघांपैकी कोणीच तयार नव्हतं. काचेतून त्याने तिच्याकडे पाहिलं. बाटलीतलं पाणी तिने साडीवर सांडून घेतलं होतं आणि तिला त्याचा पत्ताही नव्हता.

"घे," तो म्हणाला.

या वेळी त्याने कागदाकडे बघितलं नाही. "त्या एकमेकींवर आदळतील," तो म्हणाला, "किंवा आदळणार नाहीत. आज कोणालाच सांगता येत नाही."

रेकॉर्डिस्टने आपल्या कागदावर बरोबरची खूण केली. मग म्हणाला, "हे ठेवतो."

बायकोने बाटली खाली ठेवली.

"आता खोलीची शांतता तेवढी दे, म्हणजे सुटलास."

नवं वाक्य जुन्यात चिकटवायचं तर त्याच्या मागेपुढे थोडी शांतता जोडावी लागते. ती त्याच खोलीतली, तोच माणूस माइकसमोर बसलेला असताना घेतलेली हवी. रिकाम्या खोलीची जोडली की कानाला लगेच खटकतं. आजवर असंख्य वेळा निवेदकाने ती दिली होती, जांभई दाबत, दुपारच्या जेवणाचा विचार करत. आज त्याला बसवेना. खुर्ची करकरली. मग तो खाकरला. मग "सॉरी" म्हणाला.

"अरे, अर्धं मिनिट तोंड बंद ठेवायचंय."

"तेच तर जमत नाहीये."

बायकोने रेकॉर्डिस्टपुढे हात केला. "मला द्या ते," ती म्हणाली. त्याने स्वतःचा हेडफोन काढून दिला. तिने तो दोन्ही कानांवर नीट बसवला आणि काचेसमोर जाऊन उभी राहिली. तिला तसं बघून निवेदकाने दोन्ही हात मांडीवर ठेवले. तो हलायचा थांबला. ओठ मिटून तिच्याकडे बघत राहिला.

सुरुवातीला तिला काहीच ऐकू आलं नाही. मग त्याचा श्वास आला, आत जाताना किंचित अडणारा, शेजारच्या उशीवरून रोज येतो तो. मग अंगठ्याचं नख दुसऱ्या नखावर घासल्याचा बारीक आवाज. घाबरला की तो असंच करायचा, लग्नाआधीपासून.

अर्धं मिनिट संपलं. रेकॉर्डिस्टने बंद करायला हात पुढे केला. तिने तो मनगटाशी धरला.

"थांबा," ती म्हणाली. "ते बोलतायत."